परातीभोवतीचा रविवार

परदेशी शिकायला गेलेल्या मुलांनी शनिवार-रविवार कसे घालवावेत, यावर माझं आणि माझ्या भाचीचं एकमत नाही. ती अमेरिकेतल्या एका कॉलेजात फ्रेंच आणि अर्थशास्त्र शिकते. तिसऱ्या वर्षातलं एक सत्र तिने सेनेगलची राजधानी डाकार इथे काढलं. तिथल्या मर्मोझ वस्तीत एका कुटुंबात तिची राहायची सोय होती. मी पुण्यात अनेक वर्षं घरात पेइंग गेस्ट मुली ठेवल्या आहेत, त्यामुळे पैसे देऊन दुसऱ्याच्या घरात राहण्याची दुसरी बाजू मला चांगली ठाऊक आहे. सुट्टीत ती माझ्याकडे आली तेव्हा आमचा वाद बऱ्याच संध्याकाळी रंगला. मुलांना बाहेर पाठवणाऱ्या आईबापांनी आणि जाणाऱ्या मुलांनी तो वाचावा, म्हणून इथे उतरवते आहे.

मी: मला आधी सरळ सांग, शनिवार-रविवार घरातच काढायचे होते तर एवढ्या लांब कशाला गेलीस? डाकारच्या बंदरातून बोटीने वीस मिनिटांत गोरे बेट. गुलामांच्या व्यापाराची एवढी मोठी खूण, 1978 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तुझ्या वर्गातल्या मुली पहिल्याच शनिवारी तिथे जाऊन आल्या आणि तू लसूण कुटत बसलीस!

ती: गोरेला मीही गेले, मावशी, पण नंतर. ते घर शनिवार-रविवारीच भरलेलं असायचं. आठवडाभर मी वर्गात, वडील कामावर, थोरला मुलगा विद्यापीठात, धाकट्या दोघी शाळेत. दुपारी दोनच्या जेवणाला जमतील तेवढे जमायचे. शुक्रवारी दुपारी मात्र घराची रीतच बदलायची. पुरुषमंडळी कडक इस्त्रीचे पायघोळ बुबू घालून मशिदीत जायची आणि परतताना कोणीतरी नातेवाईक बरोबर असायचाच. तिथून रविवार रात्रीपर्यंत घरात किती माणसं आहेत, हे कोणी मोजत नसे. त्याच दोन दिवसांत मी सहलीला गेले असते, तर माझ्या वाट्याला नुसती खोली आली असती.

मी: भरलेल्या घराचं कौतुक मला सांगू नकोस, मी त्यातच वाढले. बाहेरच्या मुलीला त्यात अभ्यास कसा होणार? माझ्याकडच्या मुलींच्या हातात मी पहिल्याच दिवशी खोलीची किल्ली द्यायचे. सांगायचे, दार लावलंस की कोणी वाजवणार नाही.

ती: माझ्या खोलीलाही कुलूप होतं, आम्हाला तिथे नेणाऱ्या कार्यक्रमाची तशी अटच होती. पण दार लावून बसलं की थोड्या वेळात टकटक व्हायचीच. बरं नाही का? घरची आठवण येते का? कोणी काही बोललं का? एकदा तिथली आई स्वतः आत आली आणि माझ्या शेजारी कॉटवर बसली. एकटी बसलेली मुलगी म्हणजे दुःखी मुलगी, असाच तिचा समज. मग मी पुस्तक घेऊन अंगणातल्या चटईवर बसायला लागले. एक जण रेडिओ ऐकतोय, एक बहीण दुसरीच्या बारीक वेण्या घालतेय, गच्चीवर बांधलेला मेंढा ओरडतोय आणि मी वाचतेय. माझ्याशी बोललंच पाहिजे असं कोणाला वाटत नसे. माणसांत बसून गप्प राहायची मुभा होती.

मी: मुभा निराळी आणि किल्ली निराळी. किल्ली असली की कोणाची मुभा लागत नाही. आणि आणखी एक, माझ्यासमोर तिला आई म्हणू नकोस. तुझी आई माझी सख्खी बहीण आहे. ती बाई तुझी घरमालकीण होती.

ती: ती स्वतःला माझी आई म्हणवायची. तिने मला घराण्याचं आडनावही दिलं, न्दियाय.

मी: आडनाव दिलं म्हणून नातं होतं का? पुढच्या सत्राला दुसरी मुलगी येणार, तिलाही तेच आडनाव.

ती: हो, तिलाही. आणि त्या आडनावाने तिलाही गल्लीत जागा मिळणार. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं आडनाव जोप. जोप आणि न्दियाय यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं आहे, एकमेकांना मनसोक्त टोमणे मारायचे आणि कोणी रागवायचं नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मी त्याच्यासाठी नुसती गिऱ्हाईक होते. आडनाव कळल्यावर तो दुकानातूनच ओरडायला लागला, 'न्दियाय आली, आता माझा सगळा तांदूळ खाऊन संपवणार!' मग मीही त्याला उलट ऐकवायचं, खादाड तर जोप. अनोळखी माणसाला इतक्या लवकर रागवायचा, हसायचा, ऐकवायचा हक्क देणारी दुसरी पद्धत मी पाहिलेली नाही. आपल्याकडच्या पेइंग गेस्ट मुलीला कोपऱ्यावरचा वाणी वर्षभरात तिच्या नावाने तरी ओळखतो का?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या घरी राहून गेलेल्या मुली गल्लीत 'काकूंकडच्या मुली' एवढ्याच नावाने ओळखल्या गेल्या. थट्टेच्या नात्याची ही व्यवस्था सेनेगलमध्ये आडनावांपुरती नाही. सेरेर आणि पुलार यांसारख्या समाजांमध्येही ती आहे. वेगवेगळ्या भाषांची, वंशांची माणसं तिथे शेजारी राहतात, त्याच्या कारणांमध्ये अभ्यासक या नात्यालाही मोजतात. जिथे टोमणा मारायचा हक्क मान्य आहे, तिथे भांडण पेटायच्या आत हसण्यावारी जातं, हे मला पटतं.

मी: बरं, आता तो लसूण कुटण्याचा रविवार सांग.

ती: त्याची सुरुवात शनिवारी संध्याकाळी. सुंबेजूनच्या किनाऱ्यावर रंगवलेल्या लांबलचक होड्या परततात, तिथून मासे आणायचे. चोफ नावाचा मोठा मासा सगळ्यांचा आवडता, पण आता तो फार महाग झालाय. निर्यात होतो आणि समुद्रातही कमी उरलाय. पाहुणे असले तर चोफ, नाहीतर दुसरा कुठला तरी स्वस्त मासा. रविवारी सकाळी खलबत्ता अंगणात यायचा. लसूण, पार्स्ली, हिरवी मिरची, मीठ कुटून त्याचं वाटण करायचं. माशाच्या जाड तुकड्यांना बोटाने भोक पाडून ते आत भरायचं. मग मोठ्या पातेल्यात शेंगदाण्याच्या तेलात मासे तळून काढायचे, त्याच तेलात कांदा आणि टोमॅटोचा घट्ट गर. तो गर काळपट लाल होईपर्यंत परतायचा, तिथे घाई केली की आई ओरडणार. मग पाणी, सुकी मासळी, कोबी, गाजर, कसावा, वांगं आणि एक कडू वांगं. भाज्या शिजल्या की काढून ठेवायच्या आणि त्या रश्श्यात तांदूळ. तांदूळ आधी त्याच पातेल्यावर चाळणीत वाफवून घ्यायचा. हे चेबुजेन. 2021 मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

मी: आणि ही परात भरली की सगळ्यांनी एकातच हात घालायचा. आपल्याकडे उष्टं खाऊ नये म्हणून लहानपणी पाठीत धपाटे खाल्लेत आम्ही.

ती: तिथे उष्टं होतच नाही, कारण परातीत प्रत्येकाची हद्द ठरलेली असते. आपल्यासमोरचा तेवढाच भात आपला. शेजारच्याच्या भागात बोट गेलं की लहान पोरालाही टोकतात. डाव्या हाताने परातीची कड धरायची, मान खाली, उजव्या हाताने खायचं. मासा आणि भाज्या मधोमध. त्यावर कोणी झडप घालायची नाही. आई बोटांनी मासा मोडते, काटे काढते आणि एकेकाच्या पुढ्यात सारत जाते. कसाव्याचा तुकडा याला, वांगं त्याला, लिंबू इकडे. मी 'सूर ना' म्हटलं, पोट भरलं म्हणून सांगितलं, तरी 'लेक्कल', खा म्हणायची आणि आणखी एक तुकडा. पोट भरलं की उठायचं, रेंगाळायचं नाही, म्हणजे उरलेल्यांना ऐसपैस बसता येतं. शेवटी पातेल्याच्या तळाची खरवड येते. तिच्यासाठी मात्र पोरं भांडतात.

मी: खरवडीसाठी आम्हीही भांडायचो. पण मासा मोडून वाटणारी ती बाई स्वतः कधी जेवायची? तिच्या पुढ्यात काय उरायचं?

ती: माशाचं डोकं. तिला ते आवडतं म्हणायची.

मी: माझ्या आईलाही खरपुसलेली पोळीच आवडायची. घरोघरच्या आयांना नेमकं तेच कसं आवडतं, याचा विचार कर जरा.

ती: केलाय विचार. एका रविवारी मी चांगला तुकडा तिच्या पुढ्यात सारला. तिने तो धाकटीच्या पुढ्यात ढकलला.

तांदळाची गोष्ट निघाली तेव्हा माझी भाची अर्थशास्त्राची विद्यार्थिनी होऊन बोलायला लागली. चेबुजेनला अखंड तांदूळ चालत नाही, कणीच लागते. आपल्याकडे कणी म्हणजे पेजेला, कोंबड्यांना, फार तर रव्यासाठी. सेनेगलमध्ये तीच हवी असते, कारण ती रस्सा पिऊन घेते. त्यामागे मोठा इतिहास आहे. फ्रेंच राजवटीने तिथल्या शेतकऱ्याला तेलासाठी भुईमूग लावायला लावला आणि त्याच्या पोटाला आपल्याच दुसऱ्या वसाहतीतून, इंडोचायनातून, गिरणीत उरलेली कणी आणली. 1960 मध्ये देश स्वतंत्र झाला, पण जिभेला लागलेली कणीची सवय राहिली. आज त्या कणीचा मोठा पुरवठा भारतातून होतो.

ती: स्वयंपाकघरातल्या पोत्यावर भारताचं नाव छापलेलं होतं, मावशी. आई ते मला दाखवायची, 'तुझ्या गावचा तांदूळ' म्हणायची. 2022 च्या सप्टेंबरात भारताने कणीची निर्यात बंद केली, तेव्हाचं ती सांगायची. पोतं महाग होणार म्हणून वस्तीभर धास्ती होती. पुढे भारत सरकारने सेनेगलसाठी वेगळी परवानगी दिली आणि 2025 च्या मार्चमध्ये बंदी पूर्ण उठवली.

मी: दिल्लीत एक कागद निघतो आणि डाकारमधल्या बाईला रविवारच्या परातीची चिंता लागते. हे तुला वर्गात शिकवलं असतं का?

ती: शिकवलं असतं, आकड्यांत. पोतं उसवताना मला ते कळलं. म्हणून तर म्हणते, गोरेची बोट चुकली तरी चालेल.

इथे ती जिंकली असं तिला वाटलं असावं. पण मला जे विचारायचं होतं ते अजून बाकी होतं.

मी: त्या परातीभोवती तू पाहुणी म्हणून बसलीस. भांडी कोणी घासली?

ती: आठवड्यात कामाची मुलगी. तिथे तिला म्बिन्दान म्हणतात. सेरेर समाजातली, सीन या भागातल्या खेड्यातून आलेली, माझ्याहून लहान. तशा मुली डाकारमध्ये घरोघरी आहेत. शेतीच्या दिवसांत पावसाळ्यात बऱ्याच जणी गावी परततात. रविवारी तिला सुट्टी असायची, त्या दिवशी आम्ही मुली घासायचो.

मी: ती परातीत जेवायची?

ती: आमच्या घरी हो, बायकांच्या परातीत. सगळ्या घरांत तसं नसतं. तिला पगार किती, हे मी विचारलं नाही. मी तिच्याकडून वोलोफ ही तिथली भाषा शिकले, कारण तिला फ्रेंच येत नव्हतं आणि तिच्याशी बोलायला दुसरा मार्गच नव्हता. 'ना न्गा देफ', कशी आहेस, 'मांगी फी रेक', आहे बरी, मग घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, रात्र शांत गेली का. एवढं सगळं विचारून झाल्याशिवाय तिच्याशी कामाचा एक शब्द बोलायचा नाही, हे तिने मला शिकवलं.

मी: आणि उरलेला भात?

ती थोडी थांबली. डाकारच्या रस्त्यांवर टोमॅटोचे रिकामे डबे घेऊन फिरणारी मुलं तिने रोज पाहिली होती. कुराणशाळांत शिकायला पाठवलेली ही तालिबे मुलं, काही पाच-सहा वर्षांचीसुद्धा, दारोदार साखर, तांदूळ, नाणी मागतात. अनेकांचे गुरू त्यांना रोज ठरावीक रक्कम आणायला लावतात. मुलांना भीक मागायला लावणं 2005 च्या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे. तरी डबे फिरतच आहेत.

ती: जेवणं झाल्यावर एक वाडगा दाराशी ठेवलेला असायचा. त्या मुलांसाठी. आई म्हणायची, भुकेल्या पोराला दारातून परत पाठवणारं घर टिकत नाही. मी म्हणायचे, सगळ्या घरांनी वाडगे ठेवले म्हणून ही पद्धत टिकते. आमचं यावर कधी जुळलं नाही. पण वाडगा मी भरायचे, कारण समोर डबा घेऊन उभा असलेला मुलगा भुकेला असायचा.

मी: इथे मी तुझ्या घरमालकिणीच्या बाजूने आहे आणि तुझ्याही. पोराला आधी भात द्यावा, मग त्याच्या गुरूला जाब विचारावा.

पैशाचा मुद्दा मीच काढला. कार्यक्रम चालवणारी संस्था त्या कुटुंबाला दर महिन्याला पैसे देते. माझं म्हणणं असं की हे स्पष्ट बोललं पाहिजे. प्रेमाच्या नावाखाली व्यवहार झाकला की दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. मुलीला तक्रार करता येत नाही, बाईला जादा कामाचे पैसे मागता येत नाहीत.

ती: पैसे आईच्याच हातात यायचे, वडिलांच्या नाही. शनिवारी दुपारी तिचा तूर असायचा. शेजारच्या बायका ठेवणीतले कपडे घालून आलटूनपालटून एकेकीकडे जमतात, ठरलेली रक्कम टाकतात आणि दर वेळी एकीला सगळी मिळते.

मी: भिशी!

ती: हुबेहूब. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, ते बिसाप म्हणतात, आणि गोरखचिंचेचं पांढरं घट्ट पेय, बुय. वर टाळ्या, गाणी, नाच. मी तिच्याबरोबर जायचे. तिच्या पाळीच्या पैशांतून तिने गच्चीवर दोन खोल्या चढवल्या. माझी खोली त्यातलीच एक. तू म्हणतेस व्यवहार झाकू नये. तिने कुठे झाकला? भर भिशीत ती मला पुढे करून सांगायची, ही माझी मुलगी, हिच्यासारख्या मुलींच्या पैशांतून वरची खोली झाली. एकाच वाक्यात दोन्ही. त्यात तिला काही खटकत नव्हतं आणि कोणा बाईलाही नाही.

हे ऐकल्यावर त्या बाईबद्दलचं माझं मत ठाम झालं. तिने एक काम पत्करलं, त्याचे पैसे स्वतःच्या हाताने घेतले, त्यातून घर वाढवलं आणि काम मन लावून केलं. माझ्या घरातही अशाच पैशांतून मुलांची शिक्षणं झाली. फरक एवढाच की मी हद्द आखून काम केलं, तिने परातीशी बसवून केलं. तिची रीत जास्त कष्टाची आहे. किल्ली देऊन मोकळं होता येतं, रोज मासा मोडून वाटणारीला सुट्टी नाही.

मी: मग रविवारी दुपारी तिला विश्रांती होती की नाही?

ती: जेवणानंतर. तेव्हा अताया. थोरला मुलगा छोट्या शेगडीवर कोळसे पेटवायचा, चिनी हिरवा चहा उकळत ठेवायचा आणि एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत फेस काढायचा. तीन फेऱ्या. पहिली कडू, दुसरीत साखर जास्त, तिसरी पुदिन्याची आणि गोडमिट्ट. दोन-अडीच तास सहज जातात. आई चटईवर आडवी व्हायची. मग टीव्हीवर लाम्ब, तिथली कुस्ती. हातापायाला ताईत बांधलेले पैलवान, ढोल, वाळूचा आखाडा. ठोसेही चालतात. पाठ टेकली की हार. 2018 मध्ये डाकारलगतच्या पिकिनला वीस हजार माणसांचं राष्ट्रीय मैदान झालं, पण गल्लीत अजून दारापुढे टीव्ही मांडून बघतात.

मी: म्हणजे त्या सबंध दिवसात पुरुषांच्या वाट्याला चहा आणि कुस्ती.

ती: हो. ते मी तिथेही बोलले. थोरल्याने त्यानंतर परात उचलून मोरीपर्यंत नेली. घासली नाही.

आमचं पूर्ण एकमत झालेलं नाही आणि होईल असंही वाटत नाही. तिच्यासाठी ती बाई आईच आहे. दर शुक्रवारी फोन होतो, आणि भिशीतल्या सगळ्यांची चौकशी झाल्याशिवाय तो संपत नाही. माझ्यासाठी ती हुशार, कष्टाळू घरमालकीण आहे, आणि हा शब्द मी मानाने वापरते. एक मात्र मी आता माझ्या ओळखीतल्या प्रत्येक घरी सांगते. मुलगा-मुलगी डाकारला किंवा अशा कुठल्याही गावी एखाद्या कुटुंबात राहायला जाणार असेल, तर पहिले शनिवार-रविवार त्या घरात काढायला सांगा. कपडे भरताना एक जुना, कितीही मळला तरी चालेल असा सदरा द्या, कारण लसूण कुटायचा आहे आणि परात घासायची आहे. घरात कामाला मुलगी असेल तर सकाळी आधी तिची विचारपूस करा. गोरे बेट पाहायलाच हवं, पण त्यासाठी तास नसलेला एखादा मंगळवार किंवा बुधवार पुरतो. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी तिथलं गुलामघर हे संग्रहालय बंद असतं.